अकराव्या पानावरची नोट

१

अल्बमचं अकरावं पान उघडलं आणि पंचाक्षरींचा हात तिथंच थांबला. प्लास्टिकची पिशवी जागेवर होती, पण आत नोट नव्हती.

"यप्पा!" ते म्हणाले, "माझी दहाची कुठं गेली?"

रविवारची सकाळ होती, पावणेबारा वाजले होते. राजारामपुरीत वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या माडीवर महिन्यातून एकदा आमचं मंडळ भरतं. इंग्रजी अमलातल्या जुन्या नोटा जमवणाऱ्यांचं मंडळ. मी त्याचा सेक्रेटरी. नाव ज्ञानदेव, पण सगळे ज्ञानूतात्या म्हणतात. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ हेडकॅशिअर म्हणून. हे मी कुणी न विचारताही सांगतो. ही खोड नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

गेलेली नोट शंभरावर वर्षांची. एका बाजूला छापलेली, मागं कोरी, राजाचं डोकंसुद्धा नसलेली. मधोमध कापलेली, आणि मागून कागदाची पट्टी चिकटवून जोडलेली. त्या काळी टपालातून नोटा चोरीला जायच्या. म्हणून व्यापारी नोट कापून अर्धी आधी पाठवायचे, ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी. कागलात पंचाक्षरींच्या पणज्याला मुंबईहून ही अशीच दोन तुकड्यांत आली होती. त्यानं ती जोडली आणि कुणास ठाऊक का, खर्चलीच नाही. पुढच्या महिन्यातल्या आमच्या प्रदर्शनात ती मधोमध लागणार होती.

माडीवर आम्ही पाच जण होतो. पंचाक्षरी, खतांचे व्यापारी. त्यांची मुलगी दानेश्वरी, कॉलेजात इतिहास शिकवते. नोट संग्रहालयाला द्या म्हणून तिचं बापाशी वर्षभर भांडण. आकाराम, कागलजवळचा ऊसवाला, ती नोट मला विका म्हणून मागं लागलेला. पिराजी, हुपरीचा, चांदीच्या पैंजणांचा कारागीर. त्याच्या संग्रहात एकोणीस नोटा, सगळ्या झिजलेल्या, पण नोट बघावी तर त्यानं. आणि पाचवा मी.

अल्बम आधी आकारामनं बघितला, मग दानेश्वरीनं. नोट तेव्हा होती. मग माझ्याकडे आला. प्रदर्शनाची यादी मला करायची होती. बाराही नोटा मी एकेक करून पिशवीतून काढल्या, खिडकीच्या उजेडात धरून पाणचिन्ह बघितलं, खाकी कव्हर घातलेल्या हजेरीवहीत नंबर लिहिला, नोट परत ठेवली. पिशव्यांची तोंडं चिकटून बसतात, म्हणून बँकेतली स्पंजची डबी शेजारी होतीच.

"तात्या, ओला हात नको," दानेश्वरी म्हणाली.

"पोरी, तुझ्या वयाइतकी वर्षं ह्याच अंगठ्यानं नोटा मोजल्यात," मी म्हणालो, आणि हात चालू असतानाच चौऱ्याण्णव साली खोट्या नोटांचं बंडल कसं पकडलं ती गोष्ट सुरू केली. सगळ्यांनी ती आधी चार वेळा ऐकली होती. पाचव्यांदाही ऐकली. मग चहा आला. पिराजीनं माझ्या हातून अल्बम मागून घेतला आणि खिडकीशी जाऊन एकटाच बघत बसला. त्याच्या हातून तो पंचाक्षरींकडे गेला, आणि पिशवी रिकामी निघाली.

मी पिशवी उजेडात धरली. तिच्यावर अंगठ्यांचे काळे ठसे होते. चांदी घासणाऱ्याच्या बोटांतला काळा रंग साबणानं जात नाही.

"पिराजी, नोट काढ," मी म्हणालो. आकारामला मी अहो-जाहो करतो आणि पिराजीला अरे-तुरे. वयानं दोघं सारखेच आहेत.

"मी पान उघडलं तवा मोकळीच हुती की," पिराजी म्हणाला. "मला वाटलं पंचाक्षरीअण्णांनी फ्रेमसाठी काढून ठिवली आसंल."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"दुसऱ्याच्या नोटंची चौकशी आमच्यासारख्यानं कशाला करायची, तात्या?"

मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. टेबल हलवलं, सतरंजी उचलली. पिराजीला खिसे उलटे करायला लावले. एस.टी.चं तिकीट, चष्म्याचं भिंग, दोन लिमलेटच्या गोळ्या. नोट नाही. तेव्हा मी खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चांदीत हात घालणाऱ्याला लपवायच्या जागा शिकवाव्या लागत नाहीत."

पिराजीनं खिसे आत घातले नाहीत. तसाच जिना उतरून गेला.

२

बुधवारी सकाळी दाराची कडी वाजली. बाहेर पिराजी उभा होता. मला वाटलं नोट घेऊन आला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. माझं बरोबर ठरलं याचा आनंद.

"तुमचं बोलणं शेठजींच्या कानावर गेलं," तो म्हणाला. "काल मानूस आला. घरातली चांदी काट्यावर घातली नि उचलून न्हेली."

हुपरीत चांदी विश्वासावर मिळते. शेठजी वजन करून देतो, कारागीर घरी पैंजण घडवतो आणि वजनानं परत करतो. ज्याच्या नावाला चोरीचं बोट लागलं, त्याच्या घरात चांदी येत नाही. पिराजीच्या घरात बायको, दोन मुलगे, सून, सगळे तेच काम करतात. दुसरं काही त्यांना येत नाही.

"सोमवारपातूर थांबतो म्हणाल्यात. मग आमची चांदी दुसऱ्या घरला."

"मग मी काय करू?"

"तुमी चौऱ्याण्णव साली खोटं बंडल धरलं न्हवं? मग हे बी धरा. नाव तुमी घेतलंय, तुमीच शोधा."

बायकोनं चहा आणला. पिराजीनं कपाला हात लावला नाही. "तुमच्यात काय हरवलं तर पुन्ना माझंच नाव," एवढं म्हणून तो निघाला. बायको माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे कधी तसं बघितलं नव्हतं.

३

अल्बम चौकशीसाठी माझ्याकडेच होता. अकरावी पिशवी काढून मी भिंगाखाली धरली. रविवारी जे बघायला हवं होतं ते बुधवारी बघत होतो.

काळे ठसे होते, पण सगळे पिशवीच्या पोटावर, मधोमध. दोन्ही हातांनी अल्बम धरून माणूस वाकून बघतो तेव्हा उमटतात तसे. नोट बाहेर काढायची तर पिशवीचं तोंड चिमटीत धरून उघडावं लागतं. तोंडाशी एकही काळा ठसा नव्हता. पिराजीच्या बोटांनी ती पिशवी उघडली असती, तर काळं लागल्याशिवाय राहिलं नसतं.

म्हणजे पिराजीनं नोट काढली नव्हती. तीन दिवसांपूर्वी पाच मिनिटं डोकं शांत ठेवलं असतं तर हे तेव्हाच दिसलं असतं.

पिशवीच्या तोंडाशी मात्र दुसरंच काही होतं. अंगठ्याएवढा, पुसट, पांढरा डाग. नखानं खरवडला तर भुकटी निघाली.

चुना, मी मनात म्हणालो. आमच्यात तंबाखूला चुना लावणारा एकच माणूस होता.

४

आकारामच्या अंगणात मी गुरुवारी दुपारी पोचलो. तो माचावर बसून तळहातावर तंबाखू मळत होता. मी पिशवी त्याच्यासमोर धरली आणि डाग दाखवला.

"म्हंजे आता माझा लंबर व्हय?" आकाराम म्हणाला. "रविवारी पिराजी चोर, आज मी. पुढच्या आठवड्यात कोण, तुमची बायकू?"

"तुम्हाला ती नोट हवी होती."

"हवी हुती म्हणून चार चौघांत मागत हुतो. चोरायची आसती तर गप बसलो नसतो?"

त्याची बायको धोंडुबाई उंबऱ्यात शेंगा फोडत होती. ती हात झटकून उठली. "चुना हाय का न्हाय एवढंच बघायचं हाय न्हवं? हळद लावा की. चुना आसंल तर लाल हुतंय. कुंकू तसंच करत्यात."

तिनं चिमूटभर हळद पाण्यात कालवली आणि डाग खरवडून भुकटी तिच्यात टाकली. आम्ही तिघं वाटीवर वाकलो. हळद पिवळीच राहिली. मग तिनं नवऱ्याच्या डबीतला चुना दुसऱ्या वाटीत टाकला. ती बघता बघता लालभडक झाली.

"झालं समाधान, पावणं?" धोंडुबाई म्हणाली. मी नेहमी येणारा माणूस, तरी तिनं मला पावणं म्हटलं.

मी काही बोलण्याआधी तिनं माझ्या काखेतला अल्बम ओढून घेतला आणि पानं उलटली. तिला नोटांत काही गम्य नव्हतं, पण गहू निवडणाऱ्या बाईची नजर होती.

"ह्यावर बी पांढरं हाय. आन ह्यावर बी. सगळ्यांवर हाय की." तिनं माझ्याकडे बघितलं. "एक नोट न्यायला चोर बारा पिशव्या कशाला उघडंल?"

५

परतीच्या एस.टी.त मी खिडकीला डोकं टेकून बसलो. बाराही पिशव्या उघडणारा माणूस मला माहीत होता. पण तो चोर नव्हता याची मला खात्री होती, कारण तो मी होतो.

घरी येऊन स्पंजची डबी उघडली. आमच्याकडे बोअरचं पाणी. बादली, तांब्या, नळ, सगळ्यावर त्याचा पांढरा थर बसतो. डबीच्या कडेवरही बसला होता. तो नखानं खरवडला. तीच भुकटी.

डाग माझ्या अंगठ्याचा होता. त्यात विशेष नाही, मी म्हणालो. नोटा मीच काढल्या होत्या आणि मीच परत ठेवल्या होत्या. मग अकरावी परत ठेवलेली मी आठवायला बसलो. तिसरी आठवत होती, सातवी आठवत होती. अकरावीच्या जागी फक्त चौऱ्याण्णव सालची माझी गोष्ट आठवत होती.

शुक्रवारी सकाळी कॉलेज सुरू व्हायच्या आधी दानेश्वरीला गाठलं. खरं तर तिच्यावर संशय आहे असं मनाला बजावतच गेलो होतो. संग्रहालयासाठी तिनंच नोट काढली असेल, तर सगळं सुटत होतं. मीसुद्धा.

"अप्पांची नोट मी त्यांच्याशी भांडून घेईन, तात्या. चोरून घेतली तर संग्रहालयात पाटीवर काय लिहू?" ती म्हणाली. मग तिनं मोबाइल काढला. "त्या दिवशी मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो तुम्ही नीट बघितलात का?"

बघितला होता. चहा आला तेव्हाचा. मी अल्बम पिराजीच्या हातात देतोय. माझा चेहरा छान आला होता, म्हणून मी तो तीन नातेवाइकांना पाठवलाही होता.

दानेश्वरीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझा चेहरा पडद्याबाहेर गेला आणि अल्बम आला. शेवटची दोन पानं समोरासमोर उघडी होती. बाराव्या पानावर नोट होती. अकराव्या पानावर पिशवीतून मागचा काळा कागद दिसत होता. अल्बमला पिराजीचं बोट अजून लागायचं होतं.

"मला कालच दिसलं," ती म्हणाली. "तुम्हाला फोन करायला हात धजेना. तुम्ही चोरी करणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच कळत नव्हतं." मग तिनं फोटो जरा खाली सरकवला. "तात्या, तुमच्या डाव्या हाताखाली काय आहे?"

६

डाव्या हाताखाली हजेरीची वही होती.

चौतीस वर्षं माझे हात एकच काम करत होते. उजव्या अंगठ्यानं नोटा सरकवायच्या. फाटकी, चिकटवलेली, दोन तुकडे जोडलेली नोट आली की ती गिऱ्हाइकाला जाता कामा नये. ती बंडलातून ओढायची आणि डाव्या हाताखालच्या वहीच्या खाकी कव्हरात सरकवायची. कव्हराची दुमड मी त्यासाठीच मोठी ठेवायचो. संध्याकाळी सगळ्या जोडलेल्या नोटा एकदम काढून वेगळ्या पाकिटात. यात डोक्याचा संबंध कधीच आला नाही. तोंडानं मी मॅनेजरशी बोलत असायचो आणि हात आपलं काम करायचे.

रविवारी मी तोंडानं बँकेतलीच गोष्ट सांगत होतो. अकरावी नोट उजेडात धरली, मागची पट्टी दिसली. माझ्या हातांना पणजोबा, टपाल, इतिहास यातलं काहीच कळत नव्हतं. त्यांना फक्त जोडलेली नोट कळली.

वही माझ्या कपाटात होती. बायको शेजारी उभी होती. मागच्या कव्हराच्या दुमडीत बोट घातलं. कागद लागला.

नोट सुखरूप होती. सगळ्यांची झडती मी घेतली होती, त्यामुळे माझी झडती घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वहीला कुणी हात लावला नाही, कारण वही हेडकॅशिअरची. आणि ज्यानं खरं तेच सांगितलं, त्याचे खिसे मी चार माणसांत उलटे करायला लावले होते. मला माझ्याच हातांची लाज वाटली. मग कळलं की हात बिचारे सवयीचे गुलाम. लाज चांदीबद्दलच्या त्या वाक्याची होती. ते काही हातांनी म्हटलं नव्हतं.

पंचाक्षरींना फोन केला. सगळं सांगितलं.

"तात्या, आसं करू," ते म्हणाले. "अल्बमच्या मागच्या खणात सरकली हुती, सापडली म्हणून सांगू. तुमची बी लाज ऱ्हाईल, माझी बी. त्या दिवशी मी बी गप बसलोच की."

इथं एक गोष्ट लपवत नाही. मला ते पटलं. अर्धा तास पटलेलं होतं. ग्रुपवर टाकायचा मजकूरही मी मोबाइलवर लिहिला: 'नोट अल्बममध्येच सापडली, गैरसमज दूर झाला.' बायकोनं तो वाचला.

"अल्बम शेवटी कुणाच्या हातात हुता?" तिनं विचारलं.

"पिराजीच्या."

"मग लोक काय म्हणतील? त्यानंच भिऊन आत सारली म्हणतील. सापडली म्हणालात तर त्यो जन्मभर चोरच ऱ्हातोय."

मी मजकूर पुसला. दुसरा लिहिला, सात ओळींचा. पहिलीच ओळ होती, 'नोट मी घेतली होती.' तो पाठवला.

७

शनिवारी हुपरीला गेलो. नोट माझ्या पिशवीत होती. दानेश्वरीनंच सांगितलं होतं की ती आधी पिराजीमामांना दाखवा, मग आमच्या घरी आणा.

शेठजींच्या पेढीवर सात-आठ माणसं होती. मी बसलो नाही. राजारामपुरीत ज्या आवाजात बोललो होतो त्याच आवाजात सगळं सांगितलं. डबी, पट्टी, कव्हर, फोटो. अर्धा तास खोटं पटलं होतं, तेही सांगितलं. मध्येच कुणीतरी हसलं. मी थांबलो, हसणं होऊ दिलं, पुढं बोललो.

शेठजींनी एकच विचारलं. "त्याच दिवशी वही का बघितली न्हाईत?"

"वही माझी होती म्हणून."

त्यांनी माणसाला हाक मारली आणि काटा लावायला सांगितला. पिराजीच्या घरची चांदी पुन्हा वजन होऊन डब्यात भरली गेली. डबा घेऊन माणूस पुढं निघाला आणि मी त्याच्या मागं.

पिराजीच्या घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. जमिनीवर जाड चटई, त्यावर सगळे ओळीनं बसलेले. चार दिवस रिकामी पडलेली हत्यारं घासून-पुसून मांडून ठेवली होती. डबा आत आला तसा मोठा मुलगा उठला आणि तो आत घेऊन गेला.

"पिराजीराव, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही खरं सांगत होता."

'तुम्ही' ऐकून त्यानं मान वर केली. "कळलं. मोबाइलवर पोरानं वाचून दावलं."

मी नोट पुढं केली. त्यानं आधी हात धुतले, कोरडे केले, मग फडक्यावर नोट घेतली. बराच वेळ भिंगातून मागची पट्टी बघत राहिला. सून पाठीमागून वाकून बघायला लागली, तसं त्यानं भिंग तिच्याकडं दिलं.

"ही पट्टी बघा," तो मला म्हणाला. "टपालाच्या पाकिटाची हाय. हितं शिक्क्याची कड दिसत्या. ज्या पाकिटातनं दुसरी अर्धी आली, त्याचाच कागद फाडून जोडल्या."

ती नोट मी बारा वर्षांत वीस वेळा हातात धरली होती. शिक्क्याची कड मला कधी दिसली नव्हती.

"पुढच्या रविवारी याल ना?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला. नोट परत दिली आणि हत्यार उचललं.

मी उठलो. चपला घालायला निघालो तसा त्यानं थांबवलं. "तात्या, हात-पाय चटईवर झटकून जावा. हितनं जाताना सगळीच झटकत्यात. शेठजी आला तरी. चांदीची भुकटी लागती, ती घरातच ऱ्हायला पायजे."

मी चटईवर उभा राहून हात झटकले, पाय झटकले. मग कुणी सांगितलं नसताना माझा हात खिशाकडे गेला आणि मी खिसा उलटा करायला लागलो.

"खिसं नगं," पिराजी खाली बघूनच म्हणाला. "खिसं बघायची रीत न्हाय आमच्यात."